आगीचा बंब आणि गल्लीभर माणसं

दारव्ह्यात आमच्या गल्लीची एक रीत आहे. कोणाच्या घरावर संकट आलं की हातातलं काम टाकून धावायचं. जो धावत नाही, त्याचं नाव वर्षानुवर्षं निघतं. मला ही रीत फार आवडायची. आता ती आठवली की घशात धूर येतो.

त्या वर्षी भाव वाढेल या आशेने नवऱ्याने खालची पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरली. माणसांना जागा उरली नाही, म्हणून मांडीचं हाड मोडलेल्या सासूबाईंना खाटेसकट वर नेलं. वरच्या गॅलरीला वानरांच्या त्रासापायी लोखंडी जाळी ठोकलेली होती. जिना कापसाच्या खोलीतूनच. म्हणजे वरच्या माणसाने खाली उतरायचं तर कापसाला विचारूनच.

एके दिवशी भर दुपारी खालच्या विजेच्या बोर्डातून कापसावर ठिणगी पडली. मी सासूबाईंना भात भरवत होते. जिन्यातून धूर आला, तेव्हा दार लावून फटीत ओली चादर कोंबली आणि जाळीला तोंड लावून ओरडत सुटले.

अख्खी गल्ली धावून आली. बंबही लवकर आला, पण कोपऱ्यावरच अडला. त्याच्यापुढे मोटरसायकली, मोटरसायकलींपुढे माणसं आणि माणसांपुढे कापूस. आलेला प्रत्येक जण नवऱ्याबरोबर कापूस बाहेर ओढत होता. कापूस निघाला की आग निघाली, असा त्यांचा हिशेब. पण कापूस आतल्या आत धुमसतो. ढीग फोडला की वारा लागून भडकतो. बाहेर टाकलेले गठ्ठेही धुपायला लागले आणि आमच्या भिंतीशी शिडी लावायला जागा राहिली नाही.

"अवो, कापूस राहू द्या! आईले काढा!" मी ओरडले.

"तेच करून राह्यलो न!" नवरा खालून म्हणाला. तो रडत होता. जीव तोडून मदत करत होता, म्हणून तर मला त्याचा जास्तच संताप आला.

बंबावरची माणसं पाइप ओढत येत होती. त्यांच्यातला एक जण हात जोडून म्हणत होता, "भाऊ, पाइपावरून पाय काढा." एकाने काढला की दुसरा ठेवायचा. कोणी त्याला पाणी प्यायला देत होता, कोणी आग कशी विझवायची ते शिकवत होता.

सासूबाई खोकत म्हणाल्या, "तू तरी जाय वो."

"कुठून जाऊ?" मी खेकसले. मग त्यांचा हात धरून खाली बसले. मला मरायची भीती वाटत होती. एवढी आपली माणसं हाकेच्या अंतरावर असताना मरायचं, याची जास्त.

समोरच्या काकूंशी गल्लीत कोणाचंच पटत नाही. त्या कपडे धुवायची मोगरी घेऊन उतरल्या.

"निघा इथून! मदत कराची असन तं घरी जा!"

पहिला रट्टा माझ्या नवऱ्याच्या पाठीत बसला. लोक कुरकुरत मागे सरले, गाड्या हलल्या. बंबवाल्यांनी धुपणारा कापूस फावड्याने बाजूला लोटला, शिडी लावली, जाळी कापली. सासूबाईंना एकाने पाठीवर घेतलं. मी मागून उतरले. पाय जमिनीला लागले तरी हात शिडी सोडेनात.

संध्याकाळी जो तो आपण किती कापूस वाचवला ते सांगत होता. काकूंना मात्र सगळ्यांनी दगडाच्या काळजाची ठरवलं.

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा बंबाचा भोंगा वाजला, आमच्याच बाजूला. नवऱ्याने चपला घातल्या. मी दाराला कडी लावली आणि दाराला पाठ टेकून बसले.

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणू द्या."

बाहेर धावणाऱ्या पायांचे आवाज येत होते. घरात जीव गुदमरत होता. मलाही जायचंच होतं. कोणाचं घर, वर कोण अडकलंय, काहीच कळत नव्हतं. नवरा समोर येऊन उभा राहिला.

"आपल्या ओळखीचं कोणी असलं तं?"

"म्हणूनच," मी म्हटलं. "बसा खाली."