ही फाईल कुणाची

गाव सोडलं तेव्हा सिधूदादाचा उजवा हात माझ्या मांडीवर होता. टमटममध्ये रक्त गळत होतं आणि ड्रायव्हर "सीट खराब व्हायलीय" म्हणून कुरकुरत होता. मी त्याच्या मानेवर एक ठेवून दिली. मुडबीच्या फाट्यावर गुलबर्ग्याची बस उभी होती. आमचे वडील, अप्पा, मागून धावत आले, खिडकीचा गज धरून म्हणाले, "परत येऊ नगा."

गावात राहिलेल्यांना हे नव्यानं सांगायला नको, तुम्ही दारं लावून सगळं ऐकलंत. माझ्यासारख्या पुण्या-हैदराबादला निघून गेलेल्यांसाठी सांगते. दादाच्या वर्गातल्या एका मुलाला, मोठ्या घरचा म्हणून, सगळं गाव 'धाकटे मालक' म्हणायचं. त्या दिवशी बाजारात दादा त्याला म्हणाला, "काय अण्णा, कधी आलास?" आमच्या सीमाभागात मराठीत कन्नड मिसळलेलंच असतं, आणि कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. आमच्या वस्तीतल्या माणसानं मोठ्या घराशी नातं जोडलं, एवढाच गुन्हा. चौघांनी दादाला धरलं आणि धाकट्या मालकानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्याची बोटं एकेक करून मोडली. प्रत्येक बोटाआधी विचारायचा, "मी कोण?" दादा प्रत्येक वेळी "अण्णा" म्हणाला. अप्पा धाकट्या मालकाचे पाय धरून दादावरच ओरडत होते, "मालक म्हण की रे. म्हणल्यानं काय जीभ झडायलीय का?"

दादा दोन महिन्यांनी परत गेला आणि फाट्यावर टायपिंग-झेरॉक्सचं दुकान टाकून डाव्या हातानं टाईप करू लागला. मी गेले नाही.

पुण्यात मला डेटा एंट्रीचं काम मिळालं. तिथंच कळलं की काही लोक फुकट वापरायची कॉम्प्युटर सिस्टीम मराठीत आणतायत, तीही विनामोबदला, एकमेकांचं तोंडही न पाहता. मी रविवारी त्यात बसू लागले. पहिल्याच वाक्यात, डाऊनलोडसाठी, 'फाईल उतरायलीय' लिहिलं. 'उतरवली जात आहे असे करा' म्हणून परत आलं. मी हसून दुरुस्त केलं. आपली भाषा बोलल्याबद्दल तिथं कुणी मारत नव्हतं, म्हणून मी त्या कामाच्या प्रेमात पडले.

मग एका रविवारी फाईलची माहिती सांगणारी खिडकी समोर आली. 'मालक: वाचू शकतो, लिहू शकतो. इतर: परवानगी नाही.' तळपायाची आग मस्तकात गेली. कीबोर्डवर मूठ आपटली, दोन बटणं उडून गेली. उरलेल्या बटणांनी मी सगळ्यांना मेल लिहिली: 'हा शब्द ज्यानं लिहिला त्याची बोटं मोडली पाहिजेत.' पाठवून टाकली आणि मग स्वतःच वाचली. दांडा माझ्या हातात होता. मला माझीच किळस आली.

शब्द नागपूरच्या एका निवृत्त शिक्षकांचा होता. त्यांचं उत्तर आलं: 'बोटं माझी आहेत. राग कशाचा ते कळलं नाही, पण शब्द बदलता येतो. पर्याय पाठवा.'

मी धनी लिहिलं, स्वामी लिहिलं. प्रत्येक शब्दापुढं कुणीतरी वाकलेलंच दिसायचं. शेवटी दादाला फोन केला.

"कामून एवढा घोळ घालायलीस?" तो म्हणाला. "फाईल कुणाची हाय तेच सांगायचंय न्हवं? मग 'कुणाची' असंच लिही की."

तीन आठवडे भांडणं झाली, व्याकरण निघालं, शेवटी शब्द मंजूर झाला. मी त्या मराठी सिस्टीमची सीडी करून दादाला पोस्टानं पाठवली, त्यानं ती दुकानातल्या कॉम्प्युटरवर चढवली.

थोड्याच दिवसांनी धाकटा मालक अर्ज टाईप करून घ्यायला दादाच्या दुकानात आला. काम झाल्यावर दादानं मुद्दाम ती खिडकी उघडून मॉनिटर त्याच्याकडं फिरवला. 'कुणाची: सिद्धार्थ.'

"माझ्या अर्जावर तुझं नाव कामून?"

"अर्ज तुझा, फाईल माझी हाय, अण्णा."

त्यानं मॉनिटर उचलून रस्त्यावर आपटला आणि दादाचं तोंड फोडलं. दादा एसटीडी बूथवरून हे सांगत होता. फाटलेल्या ओठामुळं त्याचे शब्द निसटत होते. मी रडत म्हणाले, "ये बाबा इकडं निघून. मारून टाकतील तुला."

"न्हाई," तो म्हणाला. "काच फोडली त्यानं. फाईल खालच्या डब्यात असती, ते त्याला म्हाईतच न्हाई." आणि त्या ओठांनी हसला.

मी मॉनिटर विकत घेतला. या वेळी पोस्टात टाकला नाही. मांडीवर खोका घेऊन गुलबर्ग्याच्या बसमध्ये बसले, आणि तिथून मुडबीच्या बसमध्ये. भीती वाटत होती. फाट्यावर अप्पा उभे होते. मला पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"परत येऊ नगा म्हणलं होतं न्हवं? कामून आलीस?"

"गाव कुणाचं हाय, अप्पा?"

त्यांनी रस्त्याकडं दोन्ही बाजूंना पाहिलं. मग खोका माझ्या हातातून घेतला, खांद्यावर टाकला आणि दादाच्या दुकानाकडं पुढं चालू लागले.