एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ

हॉस्पिटलात सगळे त्याला लोणी म्हणत. नव्याने नोकरीला लागलेल्याला वाटे, साहेबांना लोणी लावण्यात पटाईत असेल म्हणून हे नाव पडलं. पण एकदा त्याच्या अँब्युलन्समधून जाणं झालं की खरा अर्थ कळे. लोणीच्या गाडीत सलाईनची बाटलीसुद्धा हलत नाही, असं सिस्टर सांगायच्या. कंबर मोडलेली बाई मागे असली तर वळण यायच्या आधी तो आतल्या खिडकीतून सांगायचा, "आता उजवीकडे कलणार हं." तेवीस वर्षांत त्याने एकदाही गाडी ठोकली नव्हती.

चार वर्षांपूर्वी त्याला साखरेचा आजार निघाला. गोळ्या सुरू झाल्या. हॉस्पिटलात ड्रायव्हरकडून दरवर्षी एक फॉर्म भरून घेत. त्यात 'काही आजार आहे का?' असा रकाना होता. त्या वर्षी त्याने तिथे 'नाही' लिहिलं. पुढच्या वर्षीही तेच. साखर असलेल्या ड्रायव्हरला गाडीवरून उतरवतात, हे त्याला माहीत होतं. आजाराची गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एक त्याची बायको; ती त्याच हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची. दुसरा स्ट्रेचर उचलणारा लांब्या, त्याचा वीस वर्षांचा जोडीदार. साखर एकदम उतरली तर हाताशी असावा म्हणून गाडीच्या खणात बिस्किटांचा पुडा असे.

त्या दिवशी त्याची गाडी दुरुस्तीला गेली होती आणि तो दुसरीच गाडी घेऊन सकाळपासून फिरत होता. लागोपाठ फेऱ्या आल्या. गोळी घेतली होती, जेवण राहिलं होतं. दुपारी तीनला चौथी फेरी आली. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ, छातीत कळ. लांब्याने आणि त्याने मिळून त्यांना जिन्यावरून खाली आणलं. मागे सिस्टर, लांब्या आणि त्या गृहस्थांचा मुलगा बसले. मुलगा तिशीचा असेल, चष्म्याच्या दुकानात कामाला होता.

अर्ध्या वाटेवर लोणीला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. पुढच्या गाडीचे दोन लाल दिवे चार दिसू लागले. आणखी थोडं असंच चालवलं तर सगळ्यांना घेऊनच कुठेतरी आपटणार, हे त्याला कळलं. खण उघडला, तो रिकामा. रस्त्याकडेला एक टपरी होती. त्याने गाडी बाजूला घेतली, "दोन मिनिटं," एवढंच मागे म्हणाला आणि उतरला. टपरीवर पाव घेऊन तोंडात कोंबला, वर गोड थंड पेय घटाघट प्यायला. दृष्टी जागेवर आल्यावर परत येऊन बसला. तीन मिनिटं लागली असतील.

हॉस्पिटलात पोचल्यावर डॉक्टरांनी त्या गृहस्थांना तपासलं आणि मान हलवली.

मुलाने गाडीच्या खिडकीतून व्हिडिओ घेतला होता. एकोणीस सेकंदांचा. टपरीच्या काचेत अँब्युलन्सचा दिवा फिरतोय आणि गणवेशातला माणूस टपरीला टेकून पाव खातोय. खाली मुलाने लिहिलं होतं, 'माझे बाबा आत मरत होते. हा खात होता.'

यात एकही शब्द खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको कामावर गेली तेव्हा धुलाईघरातल्या बायका एका फोनभोवती जमल्या होत्या. ती आत आली तशा पांगल्या. एकजण चादर झटकत म्हणाली, "तुम्ही बघू नका हो ते." म्हणजे तिने बघितलंच.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला होता. लोणीचं सोशल मीडियावर खातं होतं. तीन वर्षांपूर्वी लेकीनेच उघडून दिलं होतं. ती दूरच्या शहरात नोकरी करत होती, सात महिन्यांपूर्वी तिला मुलगा झाला होता आणि ती त्याचे फोटो तिथे टाकायची. लोणी प्रत्येक फोटोखाली एका बोटाने टाइप करून लिहायचा, 'आजोबांचे लाड.' त्याच्या खात्यावर त्याचाच एक फोटो होता, गणवेशात, अँब्युलन्सपुढे ताठ उभा. लोकांना त्याला शोधायला अर्धा दिवसही लागला नाही.

मग सुरू झालं. 'खुनी.' 'याच्या घरात कोणी मरत असताना मीही असाच खात उभा राहीन.' 'याचं तोंड लक्षात ठेवा.' फोटोत सशाला मांडीवर घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याने लिहिलं होतं, 'फासावर द्या याला.' लोणीने त्या म्हाताऱ्याचं खातं उघडून पाहिलं. सशाचे पन्नासेक फोटो होते. ससा आजारी पडला होता, बरा झाला होता. इतकं जीव लावणारा माणूस, असं मनाशी म्हणत लोणी ते फोटो बघत बसला.

चौकशी बसली. ती संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं साहेबांनी बजावलं. उघडलं असतं तरी सांगणार काय? साखर उतरली म्हणून थांबलो म्हटलं, तर फॉर्मवरचा 'नाही' पुढे येणार. तरी समितीपुढे बसल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं. सिस्टरही बोलल्या. "पेशंटचं हृदय गाडी थांबायच्या आधीच बंद पडलं होतं. मी छाती दाबत होते. खरं सांगायचं तर गाडी थांबली तेव्हाच मला नीट दाबता आलं." डॉक्टरांनी लिहून दिलं की तीन मिनिटांनी बहुतेक फरक पडला नसता.

लोणीच्या डोक्यात तो एक 'बहुतेक' तेवढा अडकून बसला.

मृत्यूचा ठपका त्याच्यावर आला नाही. आजार लपवल्याचा आला. त्याला गाडीवरून कायमचं उतरवलं आणि तळघरात ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या कोठीवर बसवलं. चौकशीचा निकाल नोटीस बोर्डावर लागला. तो कोणी शेअर केला नाही.

कोठीत काम थोडं होतं. उरलेला वेळ तो फोन बघायचा. लोक काय लिहितात ते आधी दिवसातून दोनदा वाचायचा, मग दर तासाला, मग कधीही. जेवताना ताटाशेजारी फोन. उत्तरं लिहायचा, 'साहेब, त्या दिवशी माझी तब्येत' इथपर्यंत यायचा आणि पुसून टाकायचा.

"बंद करा ते खातं," बायको म्हणाली. "रोज उठून स्वतःच्या हाताने स्वतःला शिव्या वाढून घेताय."

"बंद केलं तर बाळाचे फोटो कुठे बघू?"

"लेकीला सांगू, माझ्या फोनवर पाठव म्हणून."

"तिला वेळ असतो का? तिथे टाकते, ते सगळ्यांना एकदम दिसतं."

लांब्या कोठीत यायचा तेव्हा त्याचं मत उलटं असे. "आता बंद केलंस तर म्हणतील, पळाला. याच्या मनात पाप होतंच."

हे लोणीने घरी सांगितलं तर बायको उसळली. "म्हणू देत! रोज म्हणतातच आहेत की. लांब्याला सांगा, स्वतःचा फोटो लावून बसायला."

पण लोणीचं ठरेना. खातं बंद करायचं बटण कुठे आहे हे त्याने शोधून ठेवलं होतं. तिथपर्यंत जायचा. 'तुम्हाला नक्की बंद करायचं आहे का?' असं विचारलं जाई. तो 'नाही' दाबून परत यायचा.

एका रविवारी लेकीने बाळाचा नवा फोटो टाकला. बाळ पहिल्यांदाच आधाराशिवाय बसलं होतं. लोणीने खाली लिहिलं, 'आजोबांचा पठ्ठा.' तासाभरात त्याच्या मागावर असलेल्यांपैकी कोणीतरी तिथे पोचलं. 'खुन्याचा नातू.' मग दुसरा. मग तिसऱ्याने बाळाबद्दल जे लिहिलं ते बायकोने वाचलं आणि फोन पालथा ठेवून दिला.

दुपारी लेकीचा फोन आला. आवाज कोरडा होता.

"बाबा, मी फोटो काढून टाकला. सासूबाईंनी सगळं वाचलं."

"मी उत्तर देऊ का त्यांना? सांगतो की बाळाचा काय..."

"नको. काही लिहू नका. बाबा, मी तुम्हाला माझ्या यादीतून काढलंय. राग मानू नका. थोडे दिवस."

"बरं केलंस," लोणी म्हणाला. "तू बरोबर केलंस, बाळा."

फोन ठेवल्यावर त्याने शर्ट बदलला, चपला घातल्या आणि कुठे जायचं ते न सुचून दाराशीच बसून राहिला. बायकोने पाणी आणून दिलं. ते घेताना तो म्हणाला, "उद्या बंद करतो."

दुसऱ्या दिवशी तो कोठीत पावत्या लावत बसला होता. दाराशी कोणीतरी उभं राहिलं. चष्म्याच्या दुकानातला तो मुलगा. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. लोणी उठून उभा राहिला.

"बसू का, काका?"

लोणीने स्टूल पुढे सरकवलं.

"सिस्टरांनी मला सगळं सांगितलं," मुलगा म्हणाला. "तुमच्या साखरेचं. व्हिडिओ मी काढून टाकलाय. खरं काय झालं ते लिहिलंसुद्धा. ते कोणी वाचतच नाही. व्हिडिओ मात्र लोकांनी आपापल्याकडे ठेवलाय, तो फिरतोच आहे."

लोणीने हातातल्या पावत्या बाजूला ठेवल्या.

"तेव्हा सांगितलं का नाहीत तुम्ही?"

"तुमचे वडील मागे तसे पडलेले, आणि मी तुम्हाला माझं दुखणं सांगू?"

मुलाने चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिला. "सिस्टर छाती दाबत होत्या, तो उंच माणूस पाय धरून बसला होता. मला करण्यासारखं काहीच नव्हतं, काका. हातात फोन होता."

मग त्याने खिशातून तो फोन काढला आणि लोणीपुढे धरला. वाऱ्याची दिशा फिरली होती. आता लोक त्याच्यावर तुटून पडले होते. 'बाप मरतोय आणि हा शूटिंग करतोय.' 'बापाच्या जिवावर प्रसिद्धी.' दुकानाच्या मालकाने त्याला महिनाभर घरी बसायला सांगितलं होतं. आईने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"तुम्ही दोन ओळी लिहाल का?" तो म्हणाला. "तुमचं खातं अजून आहे. तुम्ही लिहिलंत तर कदाचित थांबतील. माझं ऐकत नाहीत."

लोणीला एकदम हसू आलं, आणि ते दाबताना खोकला आला. या पोराने मला खड्ड्यात घातलं आणि आता हात मागतोय, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पुढे बायकोला सांगताना त्याने हेही लपवलं नाही. तो म्हणाला, "बघतो. आज नाही सांगत."

मुलगा गेला. त्या दिवशी लोणीने खातं बंद केलं नाही. पुढचे दोन दिवसही नाही. बायकोला वाटलं, याला शिव्या वाचायची चटकच लागली. तेव्हा त्याने मुलगा आल्याचं सांगितलं.

"लिहू नका," ती म्हणाली. "पुन्हा सगळे तुमच्यावर उलटतील."

"त्याच्यावर उलटलेत ना आता."

"त्याने आपलं काय ठेवलंय? लेक तुटली."

"त्याचा बाप गेला गं," लोणी म्हणाला. "माझ्या गाडीत गेला."

ती बाहेरून वाळलेले कपडे काढून घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसून घड्या घालायला लागली. त्याने एका बोटाने लिहायला घेतलं. पाऊण तास लागला. लिहिलं ते एवढंच: 'या मुलाचा काही दोष नाही. त्याचे वडील अत्यवस्थ होते आणि गाडी मी थांबवली. मला साखरेचा आजार आहे आणि तो मी नोकरीत लपवला होता. गाडी चालवता येईना म्हणून थांबलो. त्यांच्या घरच्यांना त्रास देऊ नका. मला जे म्हणायचं ते म्हणा.'

बायकोने वाचून पाहिलं. "शेवटचं वाक्य काढा."

त्याने काढलं. मग पाठवलं.

दोन तासांत काही लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. बाकीच्यांना नवं खाद्य मिळालं. आजार लपवून पेशंटची गाडी चालवणारा, असे किती मेले असतील, तेवीस वर्षांचा हिशोब काढा. सशावाला म्हातारा काय लिहितो ते लोणीला बघायचं होतं. बायकोने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. चार दिवस तो तिच्याकडेच होता. पाचव्या दिवशी मुलाचा निरोप आला की आई बोलायला लागली आहे. दुकानाचं अजून नक्की नाही. त्या दुपारी दोघांनी मिळून खातं बंद केलं. 'तुम्हाला नक्की बंद करायचं आहे का?' असं आल्यावर लोणीने तिच्याकडे पाहिलं आणि तिने बटण दाबलं.

पुढे तो सुखी झाला असं काही नाही. लेक आईच्या फोनवर फोटो पाठवते. आठवड्यातून एक, कधी महिन्यातून. घरी यायचं म्हणते आणि राहून जातं. शाळेतल्या मित्रांचं एक टोळकं त्या खात्यावर होतं. त्यातला एक वारला, ते लोणीला दोन महिन्यांनी कळलं. हात अजून खिशाकडे जातो आणि तसाच परत येतो.

परवा वॉर्डातून एक बाई सिलिंडरची चिठ्ठी घेऊन कोठीशी आली होती. तिचा नवरा वर दाखल होता. लोणीने सिलिंडर तपासला, चाकं असलेल्या गाडीवर चढवून पट्टा आवळला. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"तुम्हाला कुठेतरी पाहिलंय मी."

लोणीने पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला. "पाहिलं असेल," तो म्हणाला. "चला, वर नेऊ. तुमचे यजमान वाट बघत असतील."