फिरायला गेलेला जिना

आमच्या इमारतीत सध्या एकच बातमी आहे: टाचणीताईंनी मासिकाच्या संपादकावर कात्री चालवली. तळमजल्यावर ऐकाल तर त्याला टाकेसुद्धा पडलेत. साफ खोटं! मी शेजारच्याच खुर्चीत होते. कात्री चालली, पण कागदावर. आणि मला विचाराल तर तेच जास्त भयंकर.

टाचणीताई म्हणजे माझ्या शेजारच्या शिवणकामवाल्या. तोंडात कायम टाचण्या, म्हणून निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्या बोलण्यातून वाचतात. त्यांची कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, धार जाते. मी एकदा त्या कात्रीनं रंगीत कागद कापला, तर बाईंनी माझ्या झग्याची एक बाही महिनाभर अडवून ठेवली.

दुपारी मशीन थांबवून त्या गोष्टी लिहितात. मासिकानं छापायला घेतलेली त्यांची पहिली गोष्ट अशी. एका घराचा जिना सकाळी फिरायला जातो, तो परत येतच नाही. घरात कुणी डोळे विस्फारत नाही. सासू एवढंच म्हणते, "आता दूध वर कसं यायचं?" सून खिडकीतून दोरी सोडते.

"पण जिना गेला का?" मी विचारलं होतं.

"ते सांगितलं की गोष्ट मेली. भाजी आणली म्हणतो ना, तितकं सरळ लिहायचं. दोरी, बादली, हाताचे फोड मात्र खरे हवेत."

आणि त्या संपादक महाभागानं काय करावं? छपाईआधी तपासायला पाठवलेल्या कागदावर शेवटी स्वतःचं वाक्य चिकटवलं: 'तेवढ्यात सून दचकून जागी झाली.' न विचारता! दुसऱ्यानं शिवलेल्या झग्याला आपण परस्पर शेपूट लावतो का?

आम्ही तडक कार्यालयात. संपादक पंख्याखाली बसून चहा फुंकत होते.

"अहो ताई, वाचकांना पटायला नको? स्वप्न म्हटलं की सगळं जागेवर बसतं. हे वाक्य राहील, नाहीतर गोष्ट राहणार नाही."

ताईंनी पिशवीतून कात्री काढली. कापडाची. तीच! मी डोळे मिटले. कर्र. शेवटची ओळ टेबलावर पडली, उरलेला कागद घडी होऊन पिशवीत गेला.

"म्हणजे, छापायची नाही?" संपादक गडबडले.

ताई दारातून वळल्या.

"माझी बाई सकाळपासून दोरीनं पाणी ओढतेय. ती झोपली कधी, ते आधी सांगा."