बारखालचे दोन हात

मंगळवार, सकाळ. सोसायटीच्या जिममध्ये हजर: मी, देशमुख काका आणि ट्रेनर स्नेहल, म्हणजे माझी लेक. काका सोसायटीचे सेक्रेटरी. स्नेहलचं काम पुढे चालू ठेवायचं की नाही, हे तेच ठरवणार.

मी सायकलवर होते. समोर काका बाकावर आडवे झाले, वजनाच्या बारला हात घालत सहज म्हणाले, "काल जिना चढताना छातीत जरा दडपल्यासारखं झालं." स्नेहलचे तळवे नेहमीसारखे बारखाली होते, स्पर्श न करता. तिने ते वर घेतले आणि बार स्टँडवरच दाबून धरला.

"काका, आज वजन नाही. आधी डॉक्टर."

"अगं, माझ्या जबाबदारीवर उचलतो!"

"बारखाली हात माझे आहेत. जबाबदारी माझीच, कायद्यानंसुद्धा."

"तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही ना! म्हणूनच तर."

काका तणतणत निघून गेले.

ट्रेनर म्हणजे 'अजून एक, अजून एक' ओरडणारा माणूस, असं लोकांना वाटतं. मला ते काम त्या रिकाम्या तळव्यांत दिसतं. वजन दुसऱ्याने उचलायचं, ते त्याच्यावर पडू द्यायचं नाही एवढं आपण बघायचं. आईपणही बरंचसं असंच असतं. त्या हातांकडे बघताना माझी मान ताठ झाली, पेडलही जोरात फिरलं.

काकांचा टॉवेल बाकावर राहिला होता, तो मी घेऊन आले. तो नेऊन द्यायचा आणि डॉक्टरांकडे गेलात का ते विचारायचं, एवढं अजून बाकी आहे.