तेलाचा हात

"पळवायला कुणीही पळवतं, थांबवून दाखवा," असं माझा मोठा मेहुणा सगळ्यांना सांगायचा. मोटारवाल्यांना, पुढाऱ्यांना, आणि मी गोष्ट सांगायला बसलो की मलाही.

त्याचा जन्म लेथवर गेला. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा यंत्रात धरायचा आणि आरशासारखा करून बाहेर काढायचा, हे त्याचं काम. सगळे त्याला दादा म्हणत. मीही म्हणायचो. एक तर बायकोचा भाऊ, त्यात मनगटाने माझ्या दुप्पट.

मी उतारवयात एक जुनी, दांडगी गाडी घेतली. अंगाने रेडा, पळायला हरीण. शाळेचं तोंड फारसं न बघता मी एवढ्या गोष्टी रचल्या, तेव्हा गाडीतलंही मला कळत असणार, असा माझा समज. पहिल्याच घाटात उतरताना ब्रेक तापले, जळका वास सुटला, आणि पाय नुसता खाली खाली जाऊ लागला. कशीबशी गाडी एका चढाच्या वाटेला घालून थांबवली. बायको उतरली, बसने घरी आली आणि एवढंच बोलली, "ही थांबते हे डोळ्यांनी बघेन, मगच बसेन." तेव्हापासून त्या धुडात मी एकटाच हिंडायचो, पोत्यात एकच बटाटा उरावा तसा.

ब्रेकच्या चारही डिस्क बदलायच्या ठरल्या. दुकानात मला भोकाभोकांच्या आवडल्या. चाकाआडून कशा जाळीदार दिसतील.

"दादा, भोकांतून वारा खेळतो म्हणे."

"चाळणी हवी तर भांड्यांच्या दुकानात चला, दाजी. हे धूड रोज घाटात थांबवायचं. तापून तापून भोकाला तडा जाईल."

"अगदीच साध्या घ्यायच्या? लोक काय म्हणतील?"

"लोक चाकात डोकं घालून बघतात का?"

त्याने आधी चाकाच्या आतलं माप घेतलं, मग त्यात मावतील अशा जाडजूड, सपाट, पोटातून हवा खेळणाऱ्या डिस्क निवडल्या. मी दुकानदाराला म्हणालो, "माझ्याही मनात ह्याच होत्या."

दादाने त्या आपल्या वर्कशॉपच्या दारात स्वतःच्या हाताने बसवल्या. खाली उताराच्या कडेला बायकोला उभं केलं. मी चालवायला, दादा शेजारी. गाडी हळूच सोडली, बायकोजवळ आल्यावर ब्रेक दाबला. गाडीने ऐकलंच नाही. बायकोसमोरून शांतपणे पुढे गेली. दादाने हँडब्रेक ओढला, तरी लोखंडाच्या किसाच्या ढिगात नाक खुपसूनच थांबली.

"दाजी, ब्रेकच दाबला ना?"

"अजून दाबलेलाच आहे."

तो उतरला, चाकात बोट घातलं, चोळलं, वास घेतला.

"तेल," तो म्हणाला.

"कुणी लावलं?" बायको पोचली होती.

"मीच. असं चकचकीत लोखंड, अगदी कोरडं. गंज धरेल वाटलं. बसवता बसवता हात फिरला."

लेथवरून उतरलेल्या प्रत्येक वस्तूवरून तो असाच हात फिरवायचा, न्हाऊ घातलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा. मला हसू आवरेना.

"तुम्ही कशाला हसताय?" बायको म्हणाली. "तेव्हा बॅटरी धरून कोण उभं होतं?"

मीच होतो. वर म्हणालोही होतो, "दादा, काय झळाळी आली."

डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे पॅड तेल प्याले होते, ते टाकून दिले. नवे आणले, डिस्क धुऊन लख्ख कोरड्या केल्या. मोकळ्या रस्त्यावर पळव आणि दाब, पळव आणि दाब, असं करत पॅड मुरवून आणले. मग पुन्हा तोच उतार, पुन्हा बायको कडेला. या वेळी गाडी तिच्यासमोर येऊन अशी थांबली, की माझाच पट्टा माझ्या छातीत रुतला.

तिने दादाच्या बाजूचं दार उघडलं. "ऊठ दादा, ही माझी जागा. तू मागे बस, आम्ही घरी सोडतो तुला."

"नको. जरा चालतो."

हात पाठीमागे बांधून तो निघाला, कुणाकडे न बघता. मी गिअर टाकणार, तोच बायकोने माझ्या हातावर हात ठेवला. काच खाली केली आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत राहिली.