बोटीवरचा नवरा

दवाखान्यात तिला सगळे कवळीताई म्हणत. दातांच्या डॉक्टरांकडे मागच्या खोलीत बसून ती कवळ्या बनवायची. तिचं म्हणणं असं, की खोटा दात खरा वाटायला हवा असेल तर तो किंचित वाकडा, जरासा पिवळट ठेवावा. एका रांगेतले पांढरेशुभ्र दात लगेच चुगली करतात.

नवराही तिने असाच बनवला होता. एकट्या बाईला खोली द्यायला कोणी तयार होईना, तेव्हा घरमालकीण मावशींना तिने ठोकून दिलं, की आमचे हे बोटीवर असतात. नुसतं तेवढं पटायचं नाही, म्हणून तो घोरतो, विसरभोळा आहे, असंही वर जोडलं. भोळ्या मावशी त्याची मायेने चौकशी करायच्या आणि ही बिनदिक्कत थापा मारायची. लग्न तिला करायचंच नव्हतं. त्याची तिला कधी लाज वाटली नाही. थापांचीही नाही, त्या रविवारपर्यंत.

त्या रविवारी वरची खोली बघायला एक मुलगी आली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी. "एकटीच राहणार. लग्नबिग्न करायचं नाहीये," कोणी विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं. ती वर नळाला पाणी येतंय का ते बघायला गेली, तशी मावशींनी कवळीताईला जवळ बोलावलं.

"काय गं, देऊ का हिला? तू संसारी बाई, तूच सांग."

कवळीताई सावध झाली. हो म्हणावं, तर ही एकटीची बाजू का घेते, अशी शंका यायची.

"बघा बाई," ती म्हणाली, "एकट्या मुलींचं काही सांगता येत नाही. कोण येईल, कोण जाईल. आमच्या ह्यांना नाही आवडायचं."

बोलली आणि चपापली. हेच तिला दारोदार ऐकवलं होतं लोकांनी, अगदी याच गोड आवाजात.

मावशींनी मुलीला नाही सांगितलं. ती जिना उतरल्यावर म्हणाल्या, "बरं झालं तुला विचारलं. मी तर देऊनच टाकणार होते. तोंडावर खरं बोलली, आवडली मला. आणि माझी भाची नाही का एकटी राहत? मजेत आहे!"

कवळीताईला तोंड कुठे लपवू असं झालं. ती तशीच अनवाणी खाली धावली. मीही एकटीच आहे, चल परत, एवढंच सांगायचं होतं. मुलगी फाटकापाशी हेल्मेट चढवत होती.

"अगं, थांब. तुला सांगायचं होतं..."

"जाऊ द्या हो, ताई. तुमचा काय दोष? तुम्हाला नवरा आहे, तुम्हाला नाही कळायचं आमचं."

मुलगी रागावलेलीही नव्हती. वर गॅलरीत मावशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. कवळीताई एकटी आहे म्हणून त्यांनी तिला घराबाहेर काढलं नसतं. पण इतकी वर्षं त्यांना फसवलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? शरमेने तिची मान वर होईना.

"खरंय," कवळीताई म्हणाली, "मला कुठलं कळणार!"