आंपेलिओचे डोळे

इटलीतल्या आमच्या बोर्दिगेराच्या किनाऱ्यावर पहिल्या रांगेत छत्रीखालची जागा हवी असेल, तर कुणीतरी मरायची वाट बघावी लागते. बड्या घराण्यांनी तिथं पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडलंय. त्या सगळ्यांचे जीव माझ्या नवऱ्याच्या, आंपेलिओच्या, डोळ्यांवर. चौतीस उन्हाळे तो जीवरक्षक आहे. मी कपडे बदलायच्या खोल्यांच्या किल्ल्या सांभाळते.

यंदा त्याला धूसर दिसायला लागलं. तरी जूनच्या तपासणीत गडी पास झाला, कारण डॉक्टरकडच्या पाटीवरची अक्षरं मीच त्याच्याकडून घोकून घेतली होती.

"एकच उन्हाळा, नीवेस," तो म्हणाला. "हे पाणी मला पाठ आहे."

"पाणी पाठ असेल. माणसांचं काय?"

त्यावर तो होडी पुसायला निघून गेला, आणि मीही कुणाला काही सांगितलं नाही.  तेव्हापासून कुणी पाण्यात शिरलं की बाहेर येईपर्यंत माझं कशात लक्ष नसे. दोनदा तर भलत्यालाच भलती किल्ली दिली.

पंधरा ऑगस्टला, आमच्याकडच्या उन्हाळी सणाला, किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. तोरिनोच्या फुल्वियाबाई, वय एक्क्याऐंशी, रोजच्यासारख्या पांढरी टोपी घालून, हद्दीच्या खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या बोयापर्यंत पोहायला गेल्या. बराच वेळ झाला.

"बाई कुठायत रे?" मी विचारलं.

"त्या काय, बोयाला धरून आहेत."

तिथं नुसता पांढरा बोया डुलत होता. बाई पार डावीकडे, खडकांपाशी, गटांगळ्या खात होत्या.

"आंपेलिओ, होडी काढ!" मी किल्ल्या टाकून आधी होडीत चढले. "डावीकडे! अरे, अजून डावीकडे!" तो वल्ही मारत होता, मी बोंबलत होते. हात त्याचे अजून तरण्याचे आहेत. बाईंना दंडाला धरून आम्ही वर ओढलं.

काठावर बाई भरपूर खोकल्या. मग म्हणाल्या, "वाचवायला येताना बायको कशाला रे आणलीस? सहल होती का?"

सगळे हसले, टाळ्या पडल्या. किनाऱ्याच्या मालकांनी त्याची पाठ थोपटली. "आंपेलिओ, अजून दहा वर्षं तुला सोडत नाही!"

तो खुशीत मान डोलवत होता.  बाई उद्या पुन्हा पाण्यात उतरणार, हे मला ठाऊक होतं.

"मालक, याला दिसत नाही," मी म्हटलं. "जूनपासून. मला माहीत होतं."

टाळ्या थांबल्या. आंपेलिओ नऊ दिवस माझ्याशी बोलला नाही. सांगायला लाज वाटते, पण त्या नऊही दिवस मला गाढ झोप लागली.